बॉनेटवरची मगर

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी वडोदऱ्याच्या अकोटा भागात घुसली, तेव्हा आमची डुक्कर फियाट धाकट्या भावाच्या पार्किंगमध्ये उभी होती. दोन दिवस ती दारांच्या कड्यांपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरल्यावर मी तिथे पोचलो तर शेजारच्या कंपाउंडपाशी ही गर्दी. वनखात्याची माणसं पाचेक फुटांची एक मगर दोरीने बांधून गाडीत चढवत होती. वडोदऱ्यात याचं कोणी फारसं नवल करत नाही. पावसाळ्यात विश्वामित्री चढली की मगरी रस्त्यावर येतात. त्या पुरात तर अकोट्यात एक घराच्या पत्र्यावर जाऊन बसली होती. घरी फोन केला तर बाबांनी पहिला प्रश्न केला, "गाडीचं काय?" माझी चौकशी नंतर, ती पण आईने केली.

ही गाडी आजोबांची. न्यायमंदिरात वकिली करायचे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेली ही फियाट अकराशे त्यांनी जुनी घेतलेली, पुढून फुगीर नाकाची. 'डुक्कर फियाट' हे नाव हिला कोणी ठेवलं माहीत नाही, पण बघणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पुरानंतर इंजिन खोलणं, वायरिंग बदलणं, गाद्या फेकणं यात सात-आठ महिने गेले. त्याबद्दल लिहायला बसलो तर रडगाणंच होईल. बॉनेट घासून घेतलं तेव्हा मात्र पुट्टीखालून पुढच्या बाजूला दोन भोकं निघाली, एकामागे एक, मध्ये ब्याण्णव मिलिमीटरचं अंतर.

"तिथे विमान होतं," बाबा म्हणाले. "क्रोमचं. दादांनी बाजारातून आणून लावलेलं. एका लग्नात वरातीला गाडी दिली, परत आली ती विमानाशिवाय."

पेंटर भोकं बुजवायला निघाला होता. मी त्याला थांबवलं.

तयार वस्तू मिळतात. मुंबईच्या चोर बाजारात झेप घेणारे जग्वार आणि पंख पसरलेल्या बायका किलोच्या भावाने मिळतील. पण विश्वामित्रीत बुडून निघालेल्या गाडीच्या नाकावर परक्याचा जग्वार कशाला? तिथे मगर पाहिजे, हे मी त्याच दिवशी ठरवलं. ती आपण घरी ओतू, हे मात्र कशाच्या जोरावर ठरवलं ते आजही सांगता येत नाही. मी आयुष्यभर वीज खात्यात बिलांची कारकुनी केली. धातूशी संबंध म्हणजे दिवाळीला पितळी समया घासणं.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा भरला होता. तेव्हा मी तीन तास नुसती गाड्यांची नाकं बघत फिरलो होतो. या शोभेच्या मूर्ती मुळात रेडिएटरच्या झाकणावर बसायच्या. झाकण बॉनेटच्या बाहेर असायचं, उघडायला हाताला काहीतरी धरायला लागायचंच, मग तिथे कोणी पक्षी बसवला, कोणी देवता. रोल्सरॉइसची पुढे झुकलेली बाई १९११ मधली, चार्ल्स साइक्स या शिल्पकाराची. जिच्यावरून ती घडवली असं मानतात ती एलिनॉर थॉर्नटन १९१५ च्या डिसेंबरात हिंदुस्थानकडे येणाऱ्या 'पर्शिया' बोटीवर होती. पाणबुडीने बोट बुडवली आणि ती वाटेतच गेली. तिची मूर्ती मात्र इथल्या संस्थानिकांच्या गाड्यांवर बसून थेट राजवाड्यांच्या पोर्चपर्यंत पोचली. आमची मगर या खानदानात बसणारी नव्हती, पण कृती तीच: मेणाची मूर्ती करायची, भोवती साचा करायचा, मेण गाळून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा.

हे शहाणपण मला नंतर सुचलं. आधी मी सोपा रस्ता धरला.

सोपा रस्ता म्हणजे रेतीचा साचा. सागवानाच्या तुकड्यातून सतरा सेंटिमीटरची मगर कोरली. दोन लाकडी पेट्या केल्या, एकीवर एक बसणाऱ्या. चाळलेल्या बारीक रेतीत दहाला एक या हिशोबाने बेंटोनाइटची भुकटी मिसळली. ही माती आपल्या कच्छातच निघते, त्यामुळे मिळायला त्रास नाही. पाणी अंदाजाने. मुठीत दाबून मोडल्यावर गोळा सुरीने कापल्यासारखा दुभंगला पाहिजे. भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटला तर जास्त. चकल्यांच्या पिठासारखंच.

भट्टी गच्चीवर केली. अर्ध्या पिंपाला आतून अग्निविटा लावल्या, खालून लोखंडी नळी घातली आणि तिला बायकोचा केस वाळवायचा जुना पंखा जोडला. लाकडी कोळसा आणि हा पंखा एवढ्यावर पितळ वितळतं, यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता. तालीम म्हणून आधी ॲल्युमिनियम घेतलं, कारण ते ६६० अंशांना वितळतं. घरातली पिचकी पातेली आणि एक झाकण मोडीत काढलं.

मगर निघाली ती नदीतून नव्हे, गटारातून निघाल्यासारखी. पायांच्या जागी चार गोळे. शेपूट अर्धी. लाकडी मगर रेतीतून वर ओढताना पायांखालची रेती तिच्याबरोबर आली होती. पोटाखाली आत वळलेला पाय सरळ वर निघेल कसा? हे पेट्या करायच्या आधी कळायला हवं होतं. दुसरी चूक पातेल्यांची. भांड्यांचं ॲल्युमिनियम जवळजवळ शुद्ध असतं, ते साच्याच्या कोपऱ्यात शिरायला नाखूश. ओतायला गाड्यांचे जुने पिस्टन चांगले, त्यात सिलिकॉन असतो म्हणून धातू पाण्यासारखा धावतो. हे मला प्रतापनगरकडच्या एका फाउंड्रीत कळलं. ओळखीतून तिथे गेलो होतो. पितळेची झुंबरं आणि देवळांच्या घंटा ओतण्यात केस पिकलेले एक काका तिथे भेटले. मी पिशवीतून माझी मगर काढली. त्यांनी ती हातात फिरवली, शेपटीच्या थोटकावर अंगठा ठेवला आणि हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

मी सगळं सांगितलं. रेती, भट्टी, पंखा, पातेली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ए तो बधुं ठीक, पण हवा क्यांथी नीकळशे?"

हवा कुठून निघणार. धातू कुठून घालायचा याचा मी पंधरा दिवस विचार केला होता. साच्यातली पोकळी रिकामी नसते, ती हवेने भरलेली असते आणि त्या हवेला जायला वाट नसली की ती शेपटीच्या टोकाला कोंडून बसते, हे डोक्यात आलंच नव्हतं. धातू तिथवर येतो, हवेला टेकतो आणि तिथेच थिजतो. काका म्हणाले, आधी हवेचे रस्ते काढ, मग धातूचा.

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये मी लहानपणापासून जातोय, पण देवमाशाचा सांगाडा बघायला. यावेळी अकोटा ब्राँझ बघायला गेलो. १९५१ साली अकोट्यातच सापडलेल्या अडुसष्ट जैन धातुमूर्ती, सहाव्या ते बाराव्या शतकांतल्या. म्हणजे भावाच्या पार्किंगपासून फार तर दोन-तीन किलोमीटरच्या आत. मेण गाळून केलेल्या. बोटभर उंचीच्या मूर्तीची बोटं, प्रभावळीचे मणी, सगळं जागच्या जागी. कल्याणच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त ही कृती दिली आहे: मेणाच्या मूर्तीला नळ्या जोडायच्या, माती थरांनी चढवायची, आणि मेण आधी तोलून घ्यायचं, म्हणजे धातू किती लागेल ते कळतं. काचेला नाक लावून मी त्या मूर्तींवर नळ्या कुठे कापल्या असतील ते शोधत राहिलो. पहारेकऱ्याने दोनदा येऊन पाहिलं.

मेणाचा भाग मला सगळ्यात आवडला. गांधीच्या, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानातून मधमाशांचं मेण आणि राळ आणली. दोन भाग मेण, एक भाग राळ, चमचाभर गोडेतेल. हे प्रमाण भाचीने दिलं, ती फाइन आर्ट्सची. "मामा, थंडीत राळ कमी कर, नाहीतर तुकडे पडतील," असं तिने बजावलं होतं. मी ऐकलं नाही. जानेवारीत सकाळी मगरीची मान खडूसारखी मोडली. तसंही उत्तरायणाच्या आठवड्यात गच्चीवर काही करता येत नाही. अख्खं गाव पतंग उडवायला गच्चीवर असतं, आणि तिथे भट्टी पेटवणं म्हणजे आजूबाजूच्या चार घरांशी वर्षभराचं वैर.

मगर बघायला लागलं की कळतं, आपल्या डोक्यातली मगर चित्रातली असते. विश्वामित्रीतल्या मगरीचं तोंड रुंद, बोथट, जवळजवळ फावड्यासारखं. निमुळती लांब चोच ती घडियालची, आपल्याकडची नव्हे. तोंड मिटलं तरी खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो. शेपटीवर उभ्या खवल्यांच्या दोन रांगा निघतात आणि पुढे जाऊन त्या एका रांगेत मिळतात. वडोदऱ्यातल्या काळा घोड्याजवळच्या पुलावर उभं राहून मी मोबाइलवर फोटो काढले. त्यातली एक तासभर हलली नाही, याहून चांगलं मॉडेल कुठे मिळणार? खवले पाडायला शाळेतलं जुनं कर्कटक कामी आलं. शेपटीचे उभे खवले मेणाच्या वळलेल्या दोऱ्यांचे एकेक तुकडे गरम सळईने चिकटवून केले. एका संध्याकाळी नऊ. मोजलेत म्हणून सांगतो.

तोंड उघडं ठेवायचा मोह मोठा होता. आ वासलेली मगर रुबाबदार दिसते. पण बॉनेटच्या टोकाला टोकदार वस्तू म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या पोटाशी ती आधी जाणार. युरोपात सत्तरच्या दशकात यावर नियमच आले, की बॉनेटवरची मूर्ती धक्का लागला की वाकली, मागे गेली किंवा सुटून पडली पाहिजे. म्हणून माझी मगर पसरून पडलेली, तोंड मिटलेली, उंची जेमतेम चार सेंटिमीटर, सगळी टोकं गोल केलेली.

पोटाचा आकार मात्र बॉनेटवरूनच घ्यायचा होता, नाहीतर मगर डुगडुगणार. डब्यावर ताणून लावतात ती पातळ प्लास्टिक फिल्म बॉनेटवर घातली आणि कोमट मेणाची वडी वरून दाबली. बॉनेटची गोलाई जशीच्या तशी उतरली. मग त्या वडीवर मगर चढवली. इथपर्यंत डोकं चाललं. भोकांच्या जागी मी मेणातच दोन खुंट्या उभ्या केल्या, ब्याण्णव मिलिमीटरवर, तेव्हा डोक्याने दगा दिला. पितळ थिजताना साधारण दीड टक्का आक्रसतं. ब्याण्णवाचे नव्वद-साडेनव्वद होतात आणि दोन्ही खुंट्या दोन्ही भोकांत एकाच वेळी जात नाहीत. भाचीने फोटो बघून विचारलं, "मामा, आक्रस धरलास ना?" मी रात्री उठून खुंट्या छाटल्या. भोकं ओतल्यानंतर पाडायची, हे तेव्हा ठरलं.

मगरीचं मेण भरलं त्रेचाळीस ग्रॅम. मेणाच्या नऊपट पितळ, म्हणजे तिचे चारशेच्या आत-बाहेर. नळ्या, धातू ओतायची वरची वाटी, थोडं वरचं धरून नऊशे ग्रॅम धातूची तयारी केली, मूस (वितळवायचं भांडं) भरून. पितळ भंगारातून, जुन्या नळांच्या तोट्या. वापरा, पण त्यात थोडं शिसं असतं हे लक्षात ठेवा. मी ते धूर नाकात जाणार नाही अशा बाजूला उभं राहून, मोकळ्यावरच वितळवलं, आणि भट्टीच्या कपड्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही.

साचा प्लास्टर आणि सिलिकाची भुकटी निम्मेनिम्मे घेऊन केला. सिलिका कालवताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही. पहिला थर ब्रशने, अगदी हळू, प्रत्येक खवल्याच्या फटीत. तिथे बुडबुडा राहिला की पितळेवर त्याचा मोती होऊन येतो.

मग पहिलं पितळ ओतलं आणि ते अंगावर आलं.

साचा वाळला आहे असं मला वाटलं. बाहेरून हाताला कोरडा लागत होता, वाजवल्यावर टणटण वाजत होता. विटांच्या खोप्यात कोळशावर दोन तास भाजला, मेण गळून गेलं, मी खूष. पितळ ओतलं आणि आतून गुडगुड आवाज आला, तेल फार तापल्यावर ओली कढीपत्त्याची काडी पडावी तसा. पुढच्या क्षणी वाटीतून धातू वर उडाला. आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली आणि तिने पितळ बाहेर फेकलं. चामड्याचा एप्रन, तोंडावर काच, पायात बूट होते म्हणून हे लिहायला आहे. एक थेंब सदऱ्याच्या बाहीतून आत जाऊन मनगटावर बसला, त्याची खूण अजून आहे. जे थेंब गच्चीच्या उघड्या सिमेंटवर पडले तिथे टपकन आवाज होऊन सिमेंटच्या चिपा उडाल्या, कारण सिमेंटमध्येही ओल असते. काकांनी सांगितलं होतं, खाली कोरड्या रेतीचा थर पसरायचा. मी भट्टीखाली पसरला होता, चार फुटांवर नव्हता.

साचा फोडला तर आत मगरीच्या आकाराचा स्पंज.

त्या दिवशी आणखी एक प्रताप केला होता. थोडं अजून तापू दे, थोडं अजून, असं करत पितळ गरजेपेक्षा फार वेळ आगीवर ठेवलं. पितळेतलं जस्त ९०७ अंशांना उकळतं. भट्टीवर पांढरा धूर आला आणि कडेला कापसासारखी पांढरी बोंडं जमली. मला ती बघायला मजा वाटली. संध्याकाळी तोंडात गोडसर धातूची चव आली, रात्री हुडहुडी भरून ताप. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरला. फाउंड्रीवाले यावर दूध प्या म्हणतात. दुधाने जस्त उतरत नाही. पितळ वितळलं की लगेच ओतायचं, वर टाकणखार आणि कोळशाची पूड टाकून झाकायचं, आणि वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. त्यानंतर ताप आला नाही.

यानंतर घरात भट्टीबंदी लागू झाली. बायकोने ती उठवली मे महिन्यात, आणि ती पण अटीवर. मे म्हणजे कुरडयांचे दिवस. साचे वाळवायला बेचाळीस अंशांचं जे ऊन मला हवं होतं, तेच तिला कुरडयांना हवं होतं.

"कुरडया वाळेपर्यंत भट्टी नाही," ती म्हणाली. "राख बसली तर तूच खायच्या."

म्हणून दहा दिवस गच्चीवर धुतलेल्या लुगड्यावर कुरडया आणि त्यांच्या पलीकडे पाटावर माझा साचा, असे शेजारी शेजारी वाळत पडले. रोज संध्याकाळी ती कुरडया आत घ्यायची, मी साचा. त्याच दहा दिवसांनी मला वाचवलं, असं मी आता मान्य करतो.

या साच्याला हवेचे सहा रस्ते होते. नाकाच्या टोकापासून एक, चार पायांपासून चार, शेपटीच्या टोकापासून एक. विणायच्या सुईएवढ्या जाडीच्या मेणाच्या दोऱ्या, सगळ्या वर येऊन वाटीच्या भोवती उघडणाऱ्या. धातू पोटाखालून शिरणार, खालून भरत वर येणार आणि हवा पुढे ढकलत नेणार. साचा रात्रभर हळूहळू तापवला, आठ तास. आतली पोकळी मंद लाल दिसेपर्यंत. मग थोडा निवू दिला, पण थंड होऊ दिला नाही. थंड साच्यात पितळ बारीक शेपटीत जाईपर्यंत थिजतं. कोरड्या रेतीने भरलेल्या बादलीत गळ्यापर्यंत पुरला. काका स्कूटरवरून आले, एक खुर्ची ओढून सावलीत बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

मूस चिमट्यात धरून वाटीवर आणली. ओतायला सुरुवात केली की थांबायचं नाही, हात कापला तरी. धार अखंड. तीन, चार सेकंद. आणि मग ते दिसलं: वाटीभोवतीच्या एकेका भोकातून पितळ वर आलं, भगव्या रंगाच्या मण्यासारखं टचकन उभं राहिलं. नाक. पुढचा डावा. पुढचा उजवा. शेपूट! मागचा उजवा. सहावं भोक काळंच राहिलं.

"पाछलो डाबो," काका खुर्चीतूनच म्हणाले. मागचा डावा.

लाली गेल्यावर साचा पाण्याच्या टबात सोडला. प्लास्टर फसफसून फुटलं आणि टबाच्या तळाशी, प्लास्टरच्या गढूळ पाण्यात, मगर पडलेली. हात घालून काढली. मागच्या डाव्या पायाला बोटं नव्हती. बाकी सगळं होतं. चौथा दात पण होता.

पायाला चांदीचा झाळ लावून बोटं वाढवता आली असती. भाचीने सांगितलं, मीच नको म्हणालो. नदीतल्या मगरी आपसात भांडून पाय गमावतात, आमचीने बोटं गमावली.

कानस आणि पॉलिश पेपरमध्ये तीन आठवडे गेले. नळ्या हॅक्सॉने कापल्या, त्यांची टोकं कानशीने बसवली. ऐंशी नंबरच्या पेपरपासून हजारपर्यंत, दर वेळी घासायची दिशा आडवी बदलून, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते दिसतं. हे काम टीव्हीसमोर करता येतं, क्रिकेट असेल तर उत्तम.

पुढचं काम घरी करण्यासारखं नाही आणि करूही नये. क्रोम चढवायच्या टाकीतलं क्रोमियम विषारी असतं. मकरपुरा औद्योगिक वसाहतीत एका गिलेटवाल्याकडे दिली. क्रोम म्हणजे नुसतं क्रोम नसतं. खाली तांबं, त्यावर निकेलचा जाडसर थर आणि सगळ्यात वर क्रोमचा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ पदर. झळाळी खालच्या निकेलची आणि पॉलिशची असते, क्रोम फक्त ती टिकवतं. हे सगळं मी वाचून गेलो होतो. एवढंच सांगायचं राहिलं की पाठीवर बफ फिरवू नका. आठ दिवसांनी आणायला गेलो तेव्हा निकेल झालेलं होतं आणि पाठीवरचे निम्मे खवले बफिंगच्या चाकाने गिळले होते. एका संध्याकाळी नऊ, या भावाने केलेले! मालक म्हणाला, "चमकाववा आपी हती ने?" चमकवायलाच दिली होती ना? त्याचं काही खोटं नव्हतं, पण वाद घालायचा तो घातलाच. निकेलवर थांबवून मगर परत घेतली आणि उरलेल्या खवल्यांच्या फटीत काळा रंग भरून पुसून काढला. निकेलची पिवळसर झाक खरं म्हणजे मला क्रोमच्या निळसर चमकीपेक्षा आवडली, त्या वयाच्या गाडीला ती शोभते. हे गिलेटवाल्याला सांगणार नाही.

बसवायचं काम एका सकाळचं. बॉनेटच्या भोकांवर कागद ठेवून पेन्सिलने घासलं, छाप उतरला, तो मगरीच्या पोटाला चिकटवला आणि पंच मारला. पाच मिलिमीटरचं ड्रिल, मग सहाचे आटे पाडले. आटे पाडताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेलाचा थेंब सोडत राहायचं. घाई केली की टॅप आत मोडतो आणि मग मगर फेकायची. पितळ आणि पत्रा एकमेकांना टेकले की ओलीने पत्रा गंजतो, म्हणून स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा पोटाच्या आकाराचा तुकडा कापून मध्ये घातला. आक्रसण्यामुळे कडेला पडलेली अर्ध्या मिलिमीटरची फट त्या रबराने खाल्ली.

पहिली फेरी बाबांना घेऊन काढली. दांडिया बाजारातून सुरसागरला वळसा. ब्याऐंशी वर्षांचे बाबा पुढच्या सीटवर, काचेतून बॉनेटच्या टोकाकडे बघत. लाल सिग्नलला एका रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काका, आ असली छे?" बाबांनी मान डोलावली.

घरी परतल्यावर उतरून ते समोर गेले, वाकले, मगरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मागच्या डाव्या पायाशी थांबले.

"विमान बरं होतं," म्हणाले. "पण हिला चोरायला कोणी हात लावायचा नाही."

मी तरी खालून दोन्ही बोल्टांना दुहेरी नट आवळले आहेत.